आधी ब्लँक, मग नमुना: सोलापूरच्या वाचकांचे एएएसबद्दलचे प्रश्न

पाण्यातल्या शिशाच्या तपासणीवर या सदरात लिहिलं, तेव्हापासून सोलापूर आणि आसपासच्या भागातून बरेच प्रश्न आले. कुणी प्रयोगशाळेत काम करतं, कुणाचं डाईंग हाऊस आहे, कुणाचा एमएस्सीचा प्रकल्प अडलाय. सगळ्यांचं यंत्र एकच: एएएस, म्हणजे अणुशोषण वर्णपटमापक. जो धातू शोधायचा त्याच धातूचा दिवा एका बाजूला, मध्ये ज्योत किंवा तापलेली ग्रॅफाइटची नळी, आणि पलीकडे प्रकाश मोजणारा डिटेक्टर. मधल्या वाफेत त्या धातूचे अणू जितके जास्त, तितका पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी. तत्त्व एवढंच आहे. घोळ होतात ते नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी, त्यामुळे बरीचशी उत्तरं यंत्राच्या अलीकडची आहेत.

प्रश्न: जुळे सोलापुरातल्या एका बोअरच्या पाण्यात शिसं मोजतोय. ज्योतीच्या एएएसवर पहिल्यांदा लिटरला ०.०६ मिग्रॅ आलं, दुसऱ्यांदा ०.००, तिसऱ्यांदा चक्क उणे ०.०२. यातला खरा आकडा कोणता?
— एमएस्सी रसायनशास्त्राचा विद्यार्थी, सोलापूर

तिन्हींपैकी एकही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ आहे. हवा-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीवर शिसं जेमतेम ‘आहे’ असं म्हणता येण्याची हद्दच साधारण ०.०१ ते ०.०२ मिग्रॅच्या आसपास असते, आणि विश्वासाने आकडा लिहायचा तर त्याच्या तिप्पट तरी हवं. म्हणजे तुम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलताय. काटा बिघडलेला नाही, तो या कामाचा नाही.

उणे आकड्याला घाबरू नका, तो उपयोगाचा आहे. उणे आलं याचा अर्थ शून्यासाठी वापरलेलं पाणी नमुन्यापेक्षा मळकं होतं, किंवा मधल्या वेळात आधाररेषा सरकली. दहा वेळा ब्लँक (नमुना सोडून बाकी सगळं तसंच असलेलं द्रावण) फवारा, दहा वाचनांचं प्रमाण विचलन काढा, त्याला ३ ने गुणा. त्याखालचा प्रत्येक आकडा वहीत ‘शोधमर्यादेखाली’ असा जातो. शून्य लिहायचं नाही, उणेही लिहायचं नाही.

आता मार्ग दोन.

ग्रॅफाइट फर्नेस, म्हणजे ती तापणारी नळी, मिळत असेल तर तोच धरा. २० मायक्रोलिटर नमुना आणि ५ मायक्रोलिटर मॉडिफायर (तापवताना धातूला धरून ठेवणारं रसायन) असं एका वेळी नळीत जातं. शिशासाठी अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५ मिग्रॅ आणि मॅग्नेशियम नायट्रेट ०.००३ मिग्रॅ हा जुना, चांगला जोड आहे. तापमानाचा क्रम साधारण असा: ११० अंशांवर आणि मग १३० अंशांवर अर्धा-अर्धा मिनिट वाळवण, ८५० अंशांवर २० सेकंद भाजणं, आर्गॉनचा प्रवाह थांबवून १६०० अंशांवर ५ सेकंद अणूकरण, शेवटी २४५० अंशांवर नळीची सफाई. मॉडिफायर वगळण्याचा मोह होतो, पण तुमच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असणार. शिशाचं क्लोराइड ८५० अंशांच्या कितीतरी आधी उडून जातं. मग शिसं मोजायच्या वेळेपर्यंत नळीत राहतच नाही आणि पाणी उगाच ‘स्वच्छ’ ठरतं. फॉस्फेट त्या शिशाला धरून ठेवतं.

आकड्याचा अंदाज असू द्या. लिटरला १० मायक्रोग्रॅमचं पाणी २० मायक्रोलिटर घेतलं तर नळीत २०० पिकोग्रॅम शिसं जातं, आणि शिखराचं क्षेत्रफळ ०.०३ अ‍ॅबसॉर्बन्स-सेकंदांच्या आसपास यायला हवं. फारच कमी आलं तर नळी झिजलीय, किंवा ऑटोसॅम्पलरची केशनळी थेंब आत नीट न सोडता तोंडाशीच लोंबकळत ठेवतेय. आरसा धरून एकदा बघाच, थेंब खाली टेकल्यावर नळी वर यायला हवी.

फर्नेस नसेल तर ज्योतीवरच, पण आधी एकवटून. पाणी आटवून एकवटायला जाल तर कॅल्शियम, सोडियमही त्याच पटीत वाढतील आणि बर्नरच्या फटीत मीठ साचेल. त्यापेक्षा एपीडीसी-एमआयबीके निष्कर्षण करा, म्हणजे एपीडीसी शिशाला बांधतं आणि एमआयबीके हे पाण्यावर तरंगणारं द्रावक त्याला उचलून घेतं: १०० मिलि पाण्याचा सामू आम्लीय बाजूला जुळवून ४ टक्के एपीडीसीचं १ मिलि द्रावण घाला, १० मिलि एमआयबीके घाला, अर्धा मिनिट जोरात हलवा, थर वेगळे होऊ द्या आणि वरचा सेंद्रिय थर फवारा. शिसं दहा पट एकवटतं, क्षार खालच्या पाण्यात राहतात. एमआयबीके स्वतः जळतं, म्हणून अ‍ॅसिटिलीन कमी करून ज्योत निळी ठेवा. मानक द्रावणं (ठाऊक सांद्रतेची) आणि ब्लँक याच वाटेने काढायचे, नाहीतर सगळी मेहनत वाया.

नमुना घेण्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं. बोअरचं पाणी तपासायचं असेल तर पंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरा. नळाच्या पितळी तोटीतून काय उतरतं ते पाहायचं असेल तर रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी घ्या. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अहवालात कोणता ते लिहा. फक्त विरघळलेलं शिसं हवं असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि नंतर नायट्रिक अ‍ॅसिड घालून सामू २ च्या खाली आणायचा. क्रम उलटा झाला तर गाळातलं शिसं आम्लात विरघळून हिशेबात येतं, आणि ते परत काढता येत नाही.

प्रश्न: आमच्याकडे जस्ताचा ब्लँक रोज वेगळा येतो. कधी ०.०२, कधी ०.१५. अ‍ॅसिडची बाटली बदलली, फरक नाही. काय करावं?
— गुणनियंत्रण विभागातील प्रशिक्षणार्थी, चिंचोळी एमआयडीसी

जस्त सगळीकडे असतं, हीच त्याची अडचण. रबरी बूच, पिपेटचा रबरी फुगा, पावडर लावलेले हातमोजे, कोंडा घालवणारा शांपू, उन्हाची क्रीम, पत्र्याच्या छपरावरची धूळ. बाटल्या एकेक बदलत बसण्यापेक्षा ब्लँक पायऱ्यांनी बांधा. पाच नळ्या घ्या. पहिलीत फक्त शुद्ध पाणी, थेट पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून. दुसरीत नव्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत पाणी आणि अ‍ॅसिड. तिसरी तेच द्रावण तुमच्या काचेच्या मोजफ्लास्कातून फिरवून. चौथी पाचन भांड्यातून (ज्यात नमुना आम्लात जिरवतात) पूर्ण तापवून. पाचवी फिल्टर कागदातून गाळून. समजा वाचनं ०.००, ०.०१, ०.०१, ०.०१, ०.१२ आली, तर चोर पाचव्या पायरीवर सापडला. अ‍ॅसिडवर उगाच आळ होता. ०.०१ वरून चौथ्यात उडी असेल तर पाचन भांडं किंवा त्याचं झाकण बघा.

आणि ब्लँक रोज बदलतोय, हे मोठ्या ब्लँकपेक्षाही वाईट लक्षण आहे. रोज ०.१५ आला असता तर वजा करता आला असता. बदलता ब्लँक म्हणजे मळ कुठूनतरी योगायोगाने पडतोय, आणि तो नमुन्यातही तसाच पडत असणार.

भांड्यांची सफाई: साबणाचे कण राहू न देता धुवा, १० टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग १८ मेगओहमच्या पाण्याने तीनदा खळखळवून प्लॅस्टिकच्या जाळीवर पालथी घाला. स्टीलच्या रॅकवर नको, ओव्हनच्या गंजक्या जाळीवर तर नकोच. काच चमकवायला क्रोमिक अ‍ॅसिड वापरण्याची जुनी सवय कुठे कुठे अजून आहे. ज्याला पुढे क्रोमियम मोजायचंय त्याने ते करणं म्हणजे साखरेच्या डब्यात मीठ भरणं.

धुळीचा हिशेब एकदा करून बघा म्हणजे पंखा बंद करायला कुणी सांगावं लागणार नाही. मातीत लोह ५ टक्के धरलं तर १ मिग्रॅ धुळीत ५० मायक्रोग्रॅम लोह. ती धूळ ५० मिलिच्या फ्लास्कात पडली तर लिटरला १ मिग्रॅ लोह वाढलं. पिण्याच्या पाण्यातली लोहाची मर्यादाच तेवढी आहे. आणि १ मिग्रॅ धूळ म्हणजे एप्रिल-मेच्या वाऱ्यात उघड्या खिडकीजवळ ठेवलेल्या फ्लास्काच्या तोंडात सहज पडेल एवढी. दिसायचीही नाही.

प्रश्न: लेड दिव्यावर दोन तरंगलांब्या दिल्यात, २१७.० आणि २८३.३. कोणती घ्यायची? आणि एका दिव्यात सगळे धातू का नाहीत?
— प्रयोगशाळा सहायक, अक्कलकोट

२८३.३ नॅनोमीटर घ्या. २१७.० वर संवेदनशीलता साधारण दुप्पट आहे, पण तिथे दिव्याचा प्रकाश कमजोर, ज्योतीचा गोंगाट जास्त आणि क्षारांच्या पार्श्वभूमीचं शोषणही जास्त. दुप्पट शिखर घेऊन चौपट गोंगाट कशाला? ड्युटेरियमची पार्श्वभूमी दुरुस्ती मात्र दोन्हीकडे चालू ठेवा.

दिव्याच्या पोकळ कॅथोडमध्ये तोच धातू भरलेला असतो, म्हणून त्याचा प्रकाश नेमका त्याच अणूंच्या रेषेवर पडतो. १९५५ साली ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी मांडलेल्या पद्धतीचा कणा हाच. दोन-तीन धातूंचे एकत्र दिवे मिळतात, पण त्यांचा प्रकाश वाटला जातो आणि रेषा एकमेकींच्या जवळ येण्याचा धोका असतो. सूक्ष्म कामाला एकेकट्याचेच बरे. दिवा लावून १०-१५ मिनिटं तापू द्या. प्रवाह दिव्यावर लिहिलेल्या कमाल आकड्यापेक्षा खूप कमी ठेवा. जास्त दिलात तर रेषा पसरते, मधोमध खचते आणि मानक द्रावणांवरून काढलेला वक्र वाकतो.

प्रश्न: आमचे टॉवेल आणि चादरी निर्यात होतात. टर्कॉइज शेडच्या मालात ‘कॉपर जास्त’ म्हणून अहवाल आला. रंग तर तोच, वर्षानुवर्षं वापरतोय. कापडात तांबं आलं कुठून, आणि एका प्रयोगशाळेत ते जास्त, दुसरीत कमी का?
— डाईंग हाऊसचे चालक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

तांबं बाहेरून आलेलं नाही, ते रंगाच्या रेणूतच आहे. टर्कॉइजचे बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग कॉपर थॅलोसायनिनचे. रेणूच्या मधोमध तांब्याचा अणू बसलेला, त्याच्यामुळेच तो निळा-हिरवा. म्हणून पहिलं विचारा, प्रयोगशाळेने काय मोजलं? कापड नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये पूर्ण जिरवून मोजलं असेल तर रेणूतलं सगळं तांबं बाहेर येणारच, आणि गडद शेडमध्ये ते किलोला शेकड्यांनी मिग्रॅ येऊ शकतं. घामात किती उतरतं ते मोजलं असेल तर आकडा पूर्ण वेगळा. ओको-टेक्स १०० सारख्या मानकात तांब्याची मर्यादा उतरणाऱ्या तांब्यासाठी आहे: बाळांच्या कपड्यांना किलोला २५ मिग्रॅ, इतर वापराला ५० मिग्रॅ. दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या असतील, तर दोघीही बरोबर असू शकतात.

उतरणारं तांबं काढायची रीत अशी. आम्लीय कृत्रिम घामाचं द्रावण: लिटरला एल-हिस्टिडीन मोनोहायड्रोक्लोराइड ०.५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट २.२ ग्रॅम, सामू ५.५. कापडाचे बारीक तुकडे त्यात ३७ अंशांवर हलवत ठेवायचे आणि काढा गाळून ३२४.८ नॅनोमीटरवर फवारायचा. समजा २ ग्रॅम कापड ४० मिलि द्रावणात घातलं आणि वाचन लिटरला ०.४२ मिग्रॅ आलं. ०.४२ गुणिले ४०, भागिले २, म्हणजे किलोला ८.४ मिग्रॅ. हा माल चालतो.

मानक द्रावणं साध्या पाण्यात नको, याच घामद्रावणात करा. मीठ आणि फॉस्फेटमुळे फवाऱ्याचा दर आणि ज्योत दोन्ही बदलतात, आणि साध्या पाण्यातल्या मानकांशी तुलना केली तर आकडा कमी-जास्त सरकतो. दर पाच-सहा नमुन्यांनंतर १ टक्का नायट्रिक अ‍ॅसिड फवारून बर्नर धुवा. मिठाने फट बुजायला लागली की ज्योतीला दात पडतात; लांब निळी पट्टी मध्येच तुटलेली दिसते.

कापडाचे तुकडे करताना कात्री स्टेनलेसची आणि स्वच्छ हवी, पण तिने क्रोमियम-निकेलचं ओझं थोडं येतंच. त्या दोन धातूंसाठी सिरॅमिकची कात्री वापरा. तुकडे कापणाऱ्याच्या हातात पितळी अंगठी नको, हे सांगावं लागतं.

आता मूळ उपाय. काढा डोळ्यांनी बघा. तो निळसर दिसत असेल तर कापडावर न चिकटलेला, जलविघटित झालेला रंग घामात उतरतोय, आणि त्याच्याबरोबर त्याचं तांबं. ज्योत २३०० अंशांची, तिला रंगाचा रेणू आणि सुटं तांबं यांत फरक कळत नाही, दोन्ही तांबंच. टर्कॉइजचा रेणू मोठा आणि जडशीळ. तो धाग्यात नीट शिरत नाही आणि थंड धुलाईत सुटतही नाही. शेवटचं सोपिंग (साबणाची धुलाई) उकळीच्या जवळ करा आणि एक धुलाई वाढवा. बहुतेक वेळा आकडा तिथेच उतरतो. काढा पाण्यासारखा स्वच्छ असूनही तांबं जास्त असेल तर प्रश्न वेगळा: कुठल्यातरी टप्प्यावर मोरचूद किंवा तांब्याचा फिक्सर वापरला गेलाय का ते तपासा. डायरेक्ट रंग पक्के करायला मोरचूद लावण्याची जुनी रीत आहे, आणि त्यातलं तांबं सुटंच राहतं.

प्रश्न: माती परीक्षणात डीटीपीए (मातीतले धातू सोडवून घेणारं रसायन) काढ्यातलं जस्त आमच्या प्रयोगशाळेत नेहमी पुरेसं येतं, पण डाळिंबाच्या बागेत पानांवर कमतरतेची लक्षणं दिसतात. कुठे चुकतंय?
— माती परीक्षण प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, सांगोला

चाळणीपासून सुरुवात करा. २ मिमीची चाळणी पितळेची असेल तर तुम्ही मातीला तांबं आणि जस्त दोन्ही स्वतःच घालताय. नमुना खणायला गॅल्व्हनाइज्ड लोखंडी ऑगर, वाळवायला पत्र्याचा ट्रे, या दोन्हींतूनही जस्त येतं. नायलॉनची किंवा स्टेनलेसची चाळणी, प्लॅस्टिकचा ट्रे आणि लाकडी बत्ता वापरा. ढेकळं फोडायची आहेत, दगड नाहीत.

खात्री करून घ्यायची तर एकच माती दोन वाटण्यांत घ्या, एक जुन्या चाळणीतून, एक नायलॉनच्या. दोन्हींचा काढा करा. फरक तिथेच दिसेल.

काढ्याचं द्रावण लिटरला: डीटीपीए १.९६७ ग्रॅम, ट्रायइथॅनॉलअमाइन १४.९२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.४७ ग्रॅम, सामू हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने बरोबर ७.३०. मातीच्या १० ग्रॅमला २० मिलि, दोन तास हलवायचं, लगेच गाळायचं. ‘दोन तास’ म्हणजे दोन तासच. जेवणाच्या सुट्टीत शेकर अडीच तास चालला तर जस्त आणि लोह थोडं जास्त निघतं, कारण हा काढा समतोलाला पोहोचलेला नसतो. तापमानाचंही तेच: पद्धत २५ अंशांच्या आसपासची आहे, आणि मे महिन्यात तुमच्या खोलीत ३८ अंश असतील तर आकडा आपोआप वर जातो. एसी यंत्राच्या खोलीत असतो, शेकर मात्र व्हरांड्यात. ही व्यवस्था उलटी हवी.

हिशेब: वाचन लिटरला ०.२१ मिग्रॅ आलं तर गुणिले २, म्हणजे किलोला ०.४२ मिग्रॅ. जस्ताची सर्वसाधारण सीमा ०.६ धरली जाते, म्हणजे ही माती कमतरतेची. मानकं डीटीपीए द्रावणातच करा. चुनखडीयुक्त काळ्या मातीत सामू ८ च्या वर असेल तर जस्त असूनही पिकाला कमी मिळतं, त्यामुळे मातीचा आकडा एकटा पुरत नाही, पानांचं विश्लेषणही जोडीला घ्या.

प्रश्न: वक्राचा आर-वर्ग ०.९९९ येतो, तरी कमी सांद्रतेचे नमुने ३०-४० टक्के चुकतात. असं कसं?
— संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

आर-वर्ग, म्हणजे रेषा बिंदूंशी किती जुळते त्याचा आकडा, वरच्या मानकांच्या जोरावर येतो. लिटरला ०, १, २, ४, ५ मिग्रॅच्या वक्रात ५ मिग्रॅचा बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढतो, आणि खाली ०.१ मिग्रॅला ०.०४ ची चूक झाली तरी आर-वर्गाला कळतही नाही. सर्वात खालचं मानक वक्रात परत घालून त्याची सांद्रता काढून बघा. २० टक्क्यांपेक्षा जास्त चुकत असेल तर तो वक्र त्या भागासाठी नाही. नमुने जिथे आहेत तिथेच मानकं ठेवा: ०.०५, ०.१, ०.२, ०.५.

कमी सांद्रतेची मानकं एका उडीत करू नका. १००० मिग्रॅच्या साठ्यातून १० मिलि घेऊन १०० मिलि करा, त्यातून १ मिलि घेऊन १०० मिलि करा, म्हणजे १ मिग्रॅ. १ मायक्रोलिटरने सुरुवात केली तर पिपेटची चूकच नमुन्याएवढी होते. १ मिग्रॅच्या खालची मानकं रोज ताजी, १-२ टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये. आम्लाविना शिसं काचेच्या भिंतीला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी तुमचं मानक बाटलीत नाही, बाटलीवर असतं.

प्रश्न: एपीआयमध्ये (औषधाच्या मूळ सक्रिय घटकात) पॅलॅडियम तपासायचंय. आमच्याकडे ज्योत आणि फर्नेस दोन्ही आहेत. आयसीपी-एमएस (एकाच वेळी अनेक धातू मोजणारं यंत्र) घ्यावंच लागेल का?
— गुणनियंत्रण अधिकारी, चिंचोळी एमआयडीसी

आधी मर्यादा काढा, मग यंत्र ठरवा. आयसीएच क्यू३डी या औषधांतल्या धातूंच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे तोंडावाटे घेण्याच्या औषधांत पॅलॅडियमची रोजची परवानगी १०० मायक्रोग्रॅम आहे. डोस माहीत नसेल तर दिवसाला १० ग्रॅम औषध धरतात आणि मर्यादा ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम येते. पण औषधाचा कमाल डोस दिवसाला ५०० मिग्रॅ असेल तर १०० भागिले ०.५, म्हणजे ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅम. मर्यादा वीस पट मोकळी झाली.

आता नमुना ०.२५ ग्रॅम ५० मिलित विरघळवा. २०० ची मर्यादा द्रावणात लिटरला १ मिग्रॅ होते, हे ज्योतीवर आरामात मोजता येतं. १० ची मर्यादा असेल तर ०.०५ मिग्रॅ, तिथे फर्नेस हवा. शिशाची परवानगी रोज ५ मायक्रोग्रॅमच, त्याच ५०० मिग्रॅ डोसला ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे फर्नेस. पॅलॅडियमसारखे एक-दोन उत्प्रेरक तपासायचे असतील तर एएएस पुरेसं आहे. क्यू३डीतले २४ घटक सगळेच दरवेळी मोजायचे असतील तर २४ दिवे फिरवत बसण्यात अर्थ नाही, आयसीपी-एमएस घ्या किंवा बाहेरून करवून घ्या.

एक सापळा इथे हमखास असतो. बऱ्याच प्रयोगशाळा शिसं-कॅडमियमसाठी पॅलॅडियम नायट्रेटच मॉडिफायर म्हणून वापरतात. ज्या नळीत, ज्या ऑटोसॅम्पलरच्या नळीतून ते गेलंय, तिथे पॅलॅडियम मोजायचंच नाही. २४०० अंशांच्या सफाईनंतरही शिल्लक राहतं. वेगळी ग्रॅफाइट नळी ठेवा, केशनळी बदला, धुण्याच्या पाण्याची बाटलीही बदला.

मूळ औषधाचा रेणू द्रावणाचा चिकटपणा बदलतो, म्हणून प्रमाण मिसळण पद्धत वापरा: एकाच नमुन्याच्या चार फ्लास्कांत ०, ०.५, १.० आणि १.५ पट मर्यादेएवढं मानक घाला, रेषा काढा, आडव्या अक्षाला ती जिथे उणे बाजूला छेदते तो नमुन्यातला आकडा. मिळकत, म्हणजे घातलेल्या मानकापैकी परत मिळालेला वाटा, ७० ते १५० टक्क्यांत यायला हवी. मिळकत ६० टक्के येत असेल तर मानक नमुना विरघळवण्याआधी घातलं होतं का, हे विचारा. शेवटच्या क्षणी घातलेलं मानक पाचनातली गळती कधीच दाखवत नाही.

जुनी सल्फाइडच्या रंगाची ‘हेवी मेटल’ चाचणी अमेरिकी औषधकोशातून १ जानेवारी २०१८ पासून गेली. तिच्यात राख करण्याच्या पायरीवर पारा उडून जायचा आणि निकाल कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून असायचा. तिची जुनी वही दाखवून नवा ऑडिट पास होत नाही.

प्रश्न: उन्हाळ्यात दुपारी ज्योत पिवळी पडते, मध्येच फटकन आवाज होतो. यंत्र बिघडलंय का?
— प्रयोगशाळा सहायक, पंढरपूर

बहुधा सिलिंडर. अ‍ॅसिटिलीन सिलिंडरच्या आत अ‍ॅसिटोनमध्ये विरघळलेला असतो. सिलिंडर रिकामा होत आला की त्याच्याबरोबर अ‍ॅसिटोनही ओढला जातो. ज्योत पिवळी होते, वाचनं नाचू लागतात, रबरी नळ्या फुगतात. सिलिंडरचा दाब चौरस सेमीला ६ किलोच्या आसपास आला की बदला. पण ४२ अंशांच्या दुपारी प्रेशर गेज सकाळपेक्षा जास्त दाखवतो, म्हणून सकाळी थंड असताना बघून ठरवा. सिलिंडर सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवा. आडवा आणलेला असेल तर २४ तास उभा ठेवल्याशिवाय जोडू नका. बाहेर जाणारा दाब १ किलोच्या वर कधीच नको. नळी तांब्याची नको, तांब्याचं अ‍ॅसिटिलाइड ठिणगीशिवायही फुटतं.

फटकन आवाजासाठी ड्रेनच्या नळीकडे वाकून बघा. तिथला पाण्याचा सापळा उन्हात आटला की ज्योत खाली पळते. रोज सकाळी तो पाण्याने काठोकाठ भरा, नळीला वळसा असू द्या, आणि नळीचं टोक डबक्यातल्या पाण्यात बुडवू नका. चालू करताना आधी एक्झॉस्ट, मग हवा, मग अ‍ॅसिटिलीन. बंद करताना आधी अ‍ॅसिटिलीन. चांदी, तांबं किंवा पाऱ्याची जाड द्रावणं फवारली असतील तर बंद करण्याआधी पाच मिनिटं शुद्ध पाणी फवारा. नेब्युलायझर (द्रावण ओढून फवारणारा भाग) अडल्यासारखा वाटला तर १० मिलिच्या मोजपात्रातून एका मिनिटात किती ओढतो ते मोजा. मिनिटाला ४-६ मिलि नीट आहे, २ मिलि असेल तर यंत्राबरोबर आलेली बारीक तार घालून अडकलेला कण काढा. कार्डाने बर्नरची फट पुसताना ज्योत विझलेली आणि बर्नर थंड असावा, हे वेगळं सांगायला नको.